भट्टी सगळ्यात शेवटी: जुनी लोहारी हत्यारं जमवण्याचा आणि छोटी भट्टी बांधण्याचा क्रम

लोहारकाम करून बघायचं ठरलं की माणूस आधी भट्टी बांधायला घेतो. मिळेल तो पाइप, मिळेल तो पत्र्याचा डबा, केस वाळवायचा ड्रायर, की झाली पेटवायची तयारी. मग लाल लोखंड धरायला सांडशी नाही म्हणून पक्कड, ऐरण नाही म्हणून दगड. हातोड्याचा दांडा हलतोय हे दिसत असतं, पण निखारे फुललेत म्हटल्यावर थांबतो कोण? भाजल्याच्या आणि डोळ्यात ठिणगी गेल्याच्या ज्या हकीकती माझ्या कानावर येतात, त्यातल्या बऱ्याच या पहिल्या अर्ध्या तासातल्या असतात.

म्हणून क्रम उलटा करा. आधी जागा, मग हत्यारं, त्यांची साफसफाई आणि दुरुस्ती, मग ऐरणीची बैठक, आणि हे सगळं झाल्यावर भट्टी. पेटवण्याची घाई नसली की निम्म्या चुका होतच नाहीत.

टप्पा १ : जागा

उघड्यावर, पण सावलीत. उघड्यावर यासाठी, की जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि हे उन्हामुळे होतंय असं समजून माणूस तिथेच बसून राहतो. सावली यासाठी, की भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग दिसत नाही. जे तुम्हाला काळपट वाटतं ते खरं लालभडक असतं. मग तुम्ही आणखी तापवत जाता आणि तुकडा जळतो.

चारी बाजूंनी निदान तीन मीटरपर्यंत वाळलेलं गवत, लाकूड, रंगाचे डबे, प्लास्टिक काही नको. पायाखाली माती किंवा खडी उत्तम. काँक्रीटवर लालबुंद तुकडा पडला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन टवके उडतात. तशी जमीन असेल तर वर वाळूचा थर पसरा.

अग्निशामक (सुकी पावडर असलेला), पाण्याची भरलेली बादली आणि वाळूची बादली या तीन गोष्टी भट्टीच्या पलीकडे न ठेवता तुमच्या पाठीशी ठेवा. आग समोर भडकली तर तिच्यावरून हात घालून बादली घेता येत नाही. पेटलेल्या तेलावर किंवा विजेच्या वायरवर पाणी ओतायचं नाही.

> तपासा : ऐरणीच्या जागी उभे राहा आणि डोळे मिटून दोन पावलं मागे जा. कशाला अडखळलात तर ती वस्तू हलवा.

टप्पा २ : हत्यारं पारखून घेणं

सगळ्यात जास्त वेळ चांगली ऐरण शोधण्यात घालवा. छोट्या कामाला ३० ते ५० किलोची ऐरण पुरते.

*ऐरण.* सोबत साधारण २५ मिलिमीटरची पोलादी गोळी ठेवा, जुन्या बेअरिंगमधली चालते. ती २५ सेंटिमीटरवरून ऐरणीच्या माथ्यावर सोडा आणि किती उंच उसळते ते बघा. १८ ते २० सेंटिमीटरपर्यंत परत आली तर माथा कडक आहे. निम्म्याहूनही कमी उसळली तर एकतर ती आख्खी बिडाची आहे, नाहीतर कधीतरी आगीत सापडून तिचं पाणी उतरलं आहे. जळालेल्या शेडमधून निघालेल्या ऐरणी वरून देखण्या दिसतात आणि माथा मेणासारखा असतो. एकाच जागी गोळी टाकून समाधान मानू नका, चार-चार बोटांवर टाकत पूर्ण माथा तपासा. मध्येच एखाद्या ठिकाणी उसळी मेली, तर तिथे वरची पोलादी पाटी खालच्या अंगापासून सुटलेली असू शकते.

आता हातोडीने हलकेच टकटक करा. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर चांगलंच, पण नाही आला म्हणून सोडून देऊ नका. बिडाच्या अंगावर पोलादाचा माथा असलेल्या काही उत्तम ऐरणी वाजतच नाहीत. आवाज आणि उसळी यांचं जुळत नसेल तर उसळीचं ऐका.

जुन्या इंग्रजी बनावटीच्या ऐरणीच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात आणि लोक त्यांना साल समजतात. ते वजन आहे. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० असेल तर ११२ अधिक ५६ अधिक १०, म्हणजे १७८ पौंड, जवळजवळ ८१ किलो. एकट्याने उचलायला जाऊ नका.

ताजा काळा रंग फासलेली ऐरण दिसली की मी नाण्याने तिची कड खरवडून बघतो. रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली निघाली की नमस्कार करून पुढे जातो.

> सावध : माथ्यावर खड्डे दिसतात म्हणून ग्राइंडर लावून सपाट करू नका. कडक थर वरचाच असतो, तो घासला की ऐरण संपली. तुटलेल्या कडाही घरी वेल्डिंगने भरू नका. नीट तापवून न घेता भरलेली कड पहिल्या जोरदार घावात फुटते. तशीच वापरा, सगळ्या कडा चांगल्या असण्याची गरजही नसते.

ऐरण मिळालीच नाही तर भरीव पोलादाचा ठोकळा घ्या आणि उभा रोवा. आडवा ठेवण्यापेक्षा उभ्या ठोकळ्यात घावाखाली जास्त वजन येतं. माथा तळहाताएवढा असला तरी काम होतं, कारण हातोडा त्याहून लहानच असतो. रुळाचा तुकडा लोक सुचवतात. मिळवायचाच असेल तर रीतसर भंगारात विकलेला घ्या, रुळांकडेला पडलेला उचलून आणणं म्हणजे चोरी.

*हातोडे आणि घण.* तोंडाच्या कडेचा टवका उडालेला असेल किंवा केसासारखी बारीक रेघ दिसत असेल तर नको. एक किलोच्या आसपासचा हातोडा सुरुवातीला पुरे. जड घेतला की मनगट थकतं, आणि थकलेल्या मनगटाचा नेम चुकतो.

*सांडशी.* सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धोक्याची वस्तू. ज्या जाडीचं लोखंड तापवणार आहात, त्याच जाडीचा थंड तुकडा सोबत न्या. सांडशीत धरा, जबडे पूर्ण लांबीला टेकतात का बघा, आणि तुकड्याचं टोक कशावर तरी आपटा. तुकडा फिरला तर तीच सांडशी लाल तुकडा तुमच्या पायावर फेकणार. रिव्हेट ढिला असेल तर ठोकून घट्ट करता येतो, दांडीला तडा असेल तर सोडून द्या.

*लांब पायाचा वाइस (लोखंड घट्ट पकडायचा शिकंजा).* हा घाव सोसतो, साधा बाकावरचा बिडाचा वाइस सोसत नाही. स्क्रू पूर्ण उघडून आतल्या आट्या बघा. आट्या झिजून टोकदार झाल्या असतील तर नको. स्प्रिंग नसेल तर चिंता नाही, ती करता येते.

*भाता किंवा हाताने फिरवायचा ब्लोअर.* ब्लोअरचा दांडा जोरात फिरवून सोडा. पंखा काही वेळ आपोआप फिरत राहिला पाहिजे. करकर आवाज आला तर दाते गेलेत. चामड्याच्या भात्यात उंदरांनी भोकं पाडलेली असतात. आत दिवा लावून बाहेरून बघितलं की ठिपके चमकतात.

टप्पा ३ : गंज काढणं

आधी तारेचा ब्रश, गोणपाट आणि तेल. नव्वद टक्के हत्यारांना एवढंच लागतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला करून खरवडा आणि मास्क लावा.

फारच गंज असेल तर सायट्रिक ॲसिड, एका लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. हत्यार रात्रभर बुडवा, सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसून उन्हात वाळवा आणि तेल लावा. तासभर ओलं ठेवलंत तर नारिंगी गंज परत चढतो. स्प्रिंगसारख्या कडक पोलादाला ॲसिड टाळा, ते ठिसूळ होऊ शकतं.

विजेने गंज काढायची युक्तीही चालते: धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, हत्याराला ऋण टोक. टोकं उलटी जोडलीत तर हत्यारच विरघळायला लागतं. दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीच नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. साधं लोखंड लावा. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

> सावध : दांड्यांना जवसाचं तेल लावून झाल्यावर तेलकट चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर दोरीवर सपाट पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा.

टप्पा ४ : डोकी आणि दांडे

छिन्नी आणि सुंब्याचं डोकं वर्षानुवर्षं ठोकून कुत्र्याच्या छत्रीसारखं फुललेलं असतं. त्या कडेचा एक कपचा सुटला की गोळीसारखा जातो. पहिला घाव घालायच्या आधी ग्राइंडरवर ती सगळी झालर काढून टाका आणि डोक्याला किंचित उतार द्या. हातोड्याच्या तोंडाच्या कडाही थोड्या गोल करा, धारदार कड लोखंडात खाच पाडते.

दांडा हलत असेल तर पाण्यात भिजवू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि दोन दिवस खराही वाटतो. माझा पहिला जुना हातोडा मी असाच भिजवून ‘घट्ट’ केला होता. तिसऱ्या आठवड्यात लाकूड वाळलं, डोकं निसटलं आणि मागच्या खिडकीच्या काचेतून घरात गेलं. खिडकीत कोणी उभं नव्हतं, हे नशीब. फुगलेलं लाकूड भोकाच्या आत दबून चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होतं.

बरोबर पद्धत अशी: जुना दांडा ठोकून काढा. नवा दांडा सरळ रेषांच्या लाकडाचा घ्या, रेषा टोकापासून टोकापर्यंत धावल्या पाहिजेत. डोक्याकडची बाजू थोडी थोडी तासत भोकात बसवा. डोकं खाली लोंबतं ठेवून दांड्याच्या वरच्या टोकावर ठोकलंत की डोकं दांड्यावर वर चढत जातं; जिथे लाकडावर चकाकी दिसते तिथे तासा. मग लाकडी पाचर, आणि तिच्यावर आडवी लोखंडी पाचर.

> तपासा : दांड्यावर डोक्याला लागून पेन्सिलने रेघ मारा. डोकं खाली करून दांडा हातात लोंबता धरा आणि वरच्या टोकावर ठोका. डोकं रेघेपासून जराही सरकलं तर पाचर परत.

टप्पा ५ : ऐरणीची बैठक

सरळ उभे राहा, मूठ वळा, हात सैल सोडा. बोटांची पेरं जिथे येतात तिथे माथा हवा. जाड ओंडका कापून तेवढी उंची आणा आणि ऐरण साखळीने किंवा पट्ट्यांनी करकचून बांधा. नुसती ठेवलेली ऐरण प्रत्येक घावाला सरकते. भट्टीपासून एक पाऊल वळलं की ऐरण समोर यावी. लाल लोखंड हातात घेऊन चालायची वेळ येता कामा नये.

टप्पा ६ : भट्टी बांधणं

पहिल्या भट्टीसाठी बाजूने हवा घेणारी मातीची भट्टी निवडा. गाडीच्या ब्रेक ड्रमची भट्टी फार लोकप्रिय आहे, पण तिच्यात तळातून हवा येते, राख पाडायची सोय करावी लागते आणि ड्रम गरजेपेक्षा रुंद असल्याने कोळसा वाया जातो. ड्रमच वापरणार असाल तर जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

काय वापरायचं नाही ते आधी, कारण लोक इथेच अडकतात:

- जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप, जस्ताची बादली, मुलामा दिलेले नट-बोल्ट. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि भट्टी त्याच्या कितीतरी वर जाते. तो पांढरा धूर श्वासात गेला की काही तासांनी थंडी-ताप आणि छातीत दडपण. दूध प्यायल्याने हा धूर शरीरातून जातो ही निव्वळ समजूत आहे.
- गॅसची जुनी टाकी, तेलाचा बंद पिंप. ‘रिकामी’ टाकी कापताना आतल्या उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.
- नदीतले गोटे आणि सिमेंटचे ब्लॉक. आतलं पाणी वाफ होऊन ते फुटतात.

लागतं ते असं: जाड पत्र्याचा ट्रे किंवा फायर ब्रिक रचून केलेली पेटी, आतून साधारण ४५ बाय ३५ सेंटिमीटर, २० सेंटिमीटर खोल; कमरेच्या उंचीचं लोखंडी टेबल; एक भाग चिकणमाती आणि दोन भाग वाळू; २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, निदान ६० सेंटिमीटर लांब साधा काळा लोखंडी पाइप.

मातीत पाणी अगदी कमी. मूठभर दाबून लाडू वळा आणि मोडा. स्वच्छ दोन तुकडे झाले तर प्रमाण जमलं. हाताला चिखल लागत असेल तर वाळताना भेगा पडणार.

१. तळात ८ ते १० सेंटिमीटर माती ठोकून बसवा. ओतू नका, लाकडाच्या ठोकळ्याने कुटा.

२. तिच्यावर पाइप आडवा ठेवा, ट्रेच्या एका बाजूतून आत आलेला. त्याचं तोंड पेटीच्या मध्याच्या थोडं अलीकडे यावं.

३. दोन्ही बाजूंना माती कुटत २० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद चर राखा. चराचा तळ पाइपच्या तोंडाखाली चार-पाच सेंटिमीटर असू द्या, तिथे राख आणि खंगर (वितळून घट्ट झालेली राख) साठतं. पाइपच्या वर निखाऱ्यांचा १० सेंटिमीटर थर मावला पाहिजे, कमी पडत असेल तर कडेने विटा लावा.

४. समोरासमोर दोन खाचा ठेवा, म्हणजे लांब सळई आडवी आरपार जाईल. ही खाच विसरलेल्या भट्ट्या मी इतक्या पाहिल्यात की काय सांगू! मग सळई वरून तिरकी खुपसावी लागते, तिचं टोक हवेच्या झोतात जातं आणि जळून जातं.

हवेचा पंखा पाइपला घट्ट जोडू नका. तोंडासमोर चार बोटांचं अंतर ठेवून लावा. पुढे-मागे सरकवला की हवा कमी-जास्त होते, वेगळी झडप लागत नाही. शिवाय पंखा बंद असताना भट्टीतला जळाऊ वायू पाइपमधून मागे येऊन पंख्यात साठत नाही. दगडी कोळसा वापरणाऱ्यांच्या बंद जोडणीत हाच वायू पंखा चालू करताच भडका घेतो.

गॅसची भट्टी हा वेगळा विषय आहे. तिला योग्य दाबाचा रेग्युलेटर, साबणाच्या पाण्याने तपासलेले सांधे आणि आतल्या सिरॅमिक लोकरीवर पक्का लेप लागतो. उघडी लोकर फुप्फुसात जाते. पहिली भट्टी कोळशाचीच करा.

टप्पा ७ : वाळवणं

इथे सगळ्यांचा धीर सुटतो. आठ ते दहा दिवस सावलीत. भेगा पडतील, त्यात पातळ माती चोळत राहा. मग एक दिवस काटक्यांचा लहानसा जाळ, तासभर, पंख्याशिवाय. दुसऱ्या दिवशी तसाच दोन तास.

> तपासा : भट्टी कोमट असताना चरावर थंड काच धरा. काचेवर बाष्प धरलं तर माती अजून ओली आहे. ओल्या मातीवर पूर्ण जाळ केला तर ढलप्या निखाऱ्यांसकट उडतात.

टप्पा ८ : पहिला जाळ

सुती कपडे, बंद बूट, पँट बुटांच्या वरून सोडलेली, जाड चामड्याचा ॲप्रन, डोळ्यांना बाजू झाकणारा चष्मा. नायलॉन अंगावर वितळून चिकटतं. हातोड्याच्या हातात हातमोजा नको, पकड सुटते. दुसऱ्या हातात घातलात तर सैल आणि कोरडा. ओल्या हातमोज्यात वाफ होते आणि तो झटकन निघत नाही.

लाकडी कोळसा अक्रोडाएवढा फोडून घ्या आणि चाळून भुकटी बाजूला काढा. कागद आणि काटक्यांनी पेटवा. पेट्रोल, रॉकेल काही नको. हवा मंद.

पहिल्या दिवशी सांडशी हातात घेऊच नका. १० किंवा १२ मिलिमीटरची साधी, मुलामा नसलेली, ६० सेंटिमीटर लांब सळई घ्या, तिचं दुसरं टोक हातात धरण्याइतकं थंड राहतं. दोन्ही बाजूंनी बंद असलेला पाइप मात्र चुकूनही भट्टीत जाऊ देऊ नका, तो बाँबसारखा फुटतो.

सळई निखाऱ्यांच्या मधल्या थरात आडवी, वरही निखारे, खालीही निखारे. नारिंगी झाली की बाहेर, तीन-चार घाव, मंद लाल दिसू लागली की परत आत. मंद लालवर ठोकत राहिलात तर लोखंड फाटतं आणि हातालाच हादरे बसतात. उलट सळईतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर ती जळते आहे. तेवढं टोक कापून टाका, ते परत नीट होत नाही.

सगळ्यात जास्त भाजतं ते लाल लोखंडाने नाही, काळ्याने. रंग गेल्यावरही सळई चारशे अंशांवर असू शकते आणि दिसायला थंड. काही उचलण्याआधी हाताची मागची बाजू वीतभर अंतरावर धरून झळ बघा. खाली पडलेला प्रत्येक तुकडा गरमच आहे असं धरून चाला, आणि सांडशीतून निसटलेला तुकडा झेलायला हात पुढे जाईल, तो आवरा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

टप्पा ९ : विझवणं

पंखा बंद करा आणि निखारे पसरा. भट्टीवर पाणी ओतू नका, माती तडकते आणि वाफ तोंडावर येते. उरलेले निखारे हवे असतील तर लोखंडी डब्यात घालून घट्ट झाकण लावा, हवा तोडली की ते विझतात आणि पुढच्या वेळी लवकर पेटतात. डबा घरात आणू नका, रात्रभर त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो.

काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा. हत्यारं पुसा, ऐरणीच्या माथ्यावर तेलाचा हात फिरवा, जमिनीवरच्या लोखंडी खपल्या झाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी सळईने राख तळापर्यंत ढवळा आणि वर हात धरून बघा. ऊब लागली तर अजून एक दिवस थांबा. नाही लागली तर भट्टीवर पत्रा झाका, नाहीतर पहिल्याच पावसात चर पाण्याने भरेल आणि टप्पा ७ पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.